‘मला कच्चं काम जमतच नाही, चुकतंय का माझं?’

सोलापूरच्या साखर पेठेतून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 42, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, घरी स्वतःचं वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे. नाव नको म्हणालेत. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देतो.

“नमस्कार काका. मला घरी वस्तू बनवायची आवड आहे पण माझ्या हातून हलकं काही होतच नाही. चपलांचा स्टँड केला, तो सरकवायला दोन माणसं लागतात. मुलगी आठवीत आहे, तिला अभ्यासाला टेबल केला, दोन इंची दोन सुती अँगल आणि वर कडप्पा, 4 फूट बाय 2 फूट, उंची 34 इंच. ती त्याच्यावर बसतच नाही, सतरंजीवर पसारा मांडून अभ्यास करते. बायको म्हणते हे घर आहे का वर्कशॉप, आणि मेव्हणा टेबलाला रणगाडा म्हणतो. आता दोन कामं डोक्यात आहेत. पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून मागच्या बाजूला माळवदावर, म्हणजे जुन्या मातीच्या छतावर, 1000 लिटरची टाकी, त्याला 4 इंची चॅनलचा 5 फूट उंच स्टँड करणार, मोडायचा प्रश्नच नाही. आणि पुढच्या स्लॅबच्या खोलीत आईसाठी झोपाळा, 20 एमएमचे रॉड आणून ठेवलेत, वर अँकर फास्टनर मारून हूक. आम्ही पुढच्या वर्षी जुळे सोलापूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये जाणार आहोत, आई आणि धाकटा भाऊ इथेच राहतील. बायको म्हणते तुमचं लोखंड इथेच सोडायचं. माझं म्हणणं एवढंच की कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं काय वाईट? मला कच्चं काम जमतच नाही. चुकतंय का माझं?”

भाऊ, बाकीचं सगळं सावकाश बोलू, आधी ती माळवदावरची टाकी थांबवा. चॅनल कापला असेल तर असू दे, वर चढवू नका. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, हिशोबच तसा आहे, आणि हिशोब तुम्ही माझ्याइतकाच करू शकता म्हणून तुमच्यासमोरच मांडतो.

1000 लिटर म्हणजे पाणीच 1000 किलो. 4 इंची चॅनल मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, पाच फुटी चार पाय आणि दोन चौकटी धरल्या तर पंधरा-सोळा मीटर लागणार, म्हणजे स्टँडच दीडशे किलोचा झाला. टाकीचं प्लास्टिक धरून पावणेबाराशे किलो, आणि ते उतरणार चार पायांवर, एकेका पायाखाली तीनशे किलोला जरा कमी. आता खाली काय आहे ते बघा. लाकडी तुळया, त्यावर किलचण म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर पाला-पाचोळा आणि वर माती. फूटभर जाडीची माती धरली तरी चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जाते, पावसात भिजली की अजून जड, आणि जुन्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्याच्या तोंडाला वर पांढऱ्या मातीचा थर टाकत आलेत, खालचा थर कुणी काढत नाही, म्हणजे तुमच्या आजोबांच्या वेळी जेवढं वजन त्या तुळया पेलत होत्या त्यापेक्षा आज जास्तच पेलतायत, आणि तुळया तर तितक्याच जुन्या झाल्यात ना. त्यांची टोकं भिंतीत गाडलेली असतात. वाळवी लागते ती तिथे, ओल मुरते ती तिथे, आणि नेमकं तेच दिसत नाही.

साध्या आरसीसी गच्चीचं सांगतो म्हणजे तुलना कळेल. आपल्याकडच्या आयएस 875 मध्ये, म्हणजे इमारतीवरचा भार ठरवायच्या मानकात, माणसांची जा-ये असलेल्या गच्चीला वापराचा भार धरायचा तो चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो, आणि राहत्या खोलीला दोनशे. तुमच्या टाकीचं बूड जेमतेम एक चौरस मीटर आणि वजन टनाच्या वर. म्हणजे चांगल्या स्लॅबवरसुद्धा अशी टाकी कुठेही मधे ठेवत नाहीत, खाली भिंत किंवा कॉलम-बीम बघूनच ठेवतात. माळवदाचा तर विषयच सोडा.

तुमचा स्टँड मोडणार नाही हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण जे मोडायचं ते स्टँडच्या खाली आहे, आणि तुम्ही स्टँड जितका मजबूत कराल तितकं खालच्याचं ओझं वाढणार. मागच्या त्या खोलीत कोण झोपतं हे पत्रात नाही लिहिलंत. आई असेल तर पावसाळ्याच्या आधी एकदा जाणकार माणसाकडून तुळयांची टोकं तपासून घ्याच, टाकी असो नाहीतर नसो.

या भागातल्या माणसाला किल्लारी सांगायची गरज नाही, तरी सांगतो. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, सोलापुरातही लोक रस्त्यावर आले होते. लातूर आणि धाराशिवच्या त्या गावांमध्ये हजारो माणसं गेली, आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. तिथली घरं कशी होती? दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, आणि वर मातीचं जड छप्पर. बघणाऱ्याला वाटावं की किल्ला आहे. जमीन हलली की घरावर जो धक्का येतो तो घराच्या वजनाच्या प्रमाणात येतो, जितकं जड तितका मोठा, आणि चिखलाच्या सांध्यात ते धरून ठेवायची ताकद नव्हती. त्याच गावांत कुडाची, पत्र्याची हलकी घरं होती तिथे माणसं जास्त वाचली. जाड भिंत म्हणजे पक्कं घर असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, तुमच्या पत्रातही तेच बसलंय, आणि मला तुमच्याशी नेमकं त्याच्यावरच बोलायचंय. वजन आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी सोबत येतात, कधी एकमेकींच्या उलट जातात.

मग पाण्याचं काय करायचं, कारण पाणी साठवायला तर लागणारच, उजनीचं पाणी रोज येत असतं तर तुम्ही या भानगडीत पडलाच नसता. मोठी टाकी खाली ठेवा. अंगणात किंवा मागच्या बोळात जागा असेल तिथे जमीन ठोकून घ्या, वर चार इंच काँक्रीट, सपाट, टाकीच्या बुडापेक्षा थोडं मोठं. प्लास्टिकच्या टाकीचं बूड पूर्ण टेकलं पाहिजे, नुसत्या अँगलच्या चौकटीवर ठेवली तर मधला भाग लोंबतो आणि काही वर्षांत तिथून चिरते. वर ठेवायची ती फक्त 200 लिटरची, आणि तीही पुढच्या स्लॅबवर, खाली भिंत आहे तिथे. खालून अर्ध्या एचपीच्या मोटरने चढवा. माळवदावर मग काहीच जात नाही. 5 फुटाच्या स्टँडने तुम्हाला प्रेशर तरी किती मिळणार होतं, पाण्याची उंची एक मीटर वाढली की 0.1 बार वाढतो, म्हणजे दीड मीटरला 0.15 बार. तेवढ्यासाठी आईच्या डोक्यावर टनभर ओझं कशाला.

आता टेबल. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे कारण तुमची सगळी सवय त्या एका टेबलात दिसते.

तुमचं माप धरून बघितलं तर अँगल पावणेअकरा मीटरच्या आसपास लागलाय. दोन इंची दोन सुती, म्हणजे 50 बाय 50 बाय 6 एमएम, मीटरला साडेचार किलो. म्हणजे अठ्ठेचाळीस किलो नुसता सांगाडा. वर 8 चौरस फूट कडप्पा, इंचभर जाडीचा असेल तर फुटाला सहा किलो धरा, तो अजून तेवढाच. शंभर किलोच्या घरात गेला टेबल. त्याच्यावर काय येणार? वह्या, दप्तर, लॅपटॉप, मुलीची कोपरं, आणि वर्षातून दोनदा पंखा पुसायला कुणी वर चढलं तर एक माणूस. हेच टेबल एक इंची चौकोनी पाइपमध्ये, 16 गेजमध्ये केलं असतं तर सांगाडा बारा-तेरा किलोत झाला असता, आणि वर 19 एमएमचा प्लाय आठ-नऊ किलो. त्या पाइपचा एकेक पाय सरळ दाबाखाली सहज टनाच्या आसपास पेलतो. चार पाय आहेत. म्हणजे वीस-बावीस किलोचा टेबलसुद्धा गरजेच्या कितीतरी पट जास्त मजबूत झाला असता आणि मुलीने तो एकटीने खिडकीकडे ओढला असता.

तुम्ही म्हणाल हलका टेबल हलतो. बरोबर, हलतो. इथेच बहुतेक सगळे हाताने काम करणारे लोक फसतात. टेबल हातात धरून हलवून बघतात, डुगडुगला की वाटतं लोखंड बारीक पडलं, मग पुढच्या वेळी एक साइझ वर. तरी थोडा हलतो, मग अजून एक साइझ वर. पण चौकट जी हलते ती लोखंड बारीक आहे म्हणून हलत नाही, ती चौकोनी आहे म्हणून हलते. चार काड्या टोकाला जोडून चौकोन करा, बाजूला ढकला, तो तिरपा होतो. मधे एक तिरकी काडी टाका, मग हलवून दाखवा. तिकोन स्वतः मोडल्याशिवाय आकार बदलू शकत नाही. टेबलाला मागच्या बाजूने एक सुताची दोन पट्ट्यांची फुली मारली, किंवा चारी कोपऱ्यांत पंजाएवढा तिकोनी पत्रा लावला, की तो जेवढा घट्ट होतो तेवढा अँगल दोन साइझ वाढवूनही होत नाही. तुमचा टेबल हलत नाही कारण तुम्ही सांध्याची सगळी लढाई लोखंडाच्या जाडीने लढलात. जिंकलात, पण अठ्ठेचाळीस किलो घालून.

दुसरं म्हणजे लोखंड किंवा लाकूड कसं उभं केलंय. फळीची जाडी दुप्पट केली की ती वाकायला आठपट अवघड होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. म्हणून तीच पट्टी आडवी ठेवली तर लवते आणि कडेवर उभी केली तर हलत नाही. हे तुम्हाला हाताने माहीत आहे, फक्त बनवताना आठवत नाही, कारण भंगारात चांगला जाड अँगल स्वस्तात मिळाला की मोह होतो. कळतं मला ते. चांगलं लोखंड पडलेलं बघवत नाही.

पण सवयीचं मूळ मला वाटतं तुमच्या कामात आहे, आणि ते वाईट मूळ नाहीये. सोलापूरचा जुना साधा माग बघा, सगळा बिडाचा सांगाडा. मिनिटाला शंभराच्या वर वेळा शटल इकडून तिकडे मारायचं, प्रत्येक वेळी दांडी ठोकणार, फणी आपटणार, तो हादरा गिळायला वजनच लागतं, हलका माग दोन दिवसांत जमिनीवरून सरकत जाईल. तिथे जड असणं हा गुणच आहे. मेंटेनन्सच्या माणसाला आणखी एक शिकवण मिळते की मशीन बंद पडलं की शिव्या तुलाच, जास्त लोखंड घातलं म्हणून कुणी कधी बोलत नाही. वीस वर्षं असं काम केलं की हात तसाच पडतो. घरात मात्र शटल नाही, हादरा नाही, आणि वस्तू रोज सरकवायची असते, झाडायची असते, जिन्याने न्यायची असते.

त्याच मागात अजून एक गोष्ट आहे ती मात्र घरी घेऊन या. लूज रीडच्या, म्हणजे सैल फणीच्या, मागात शटल मधेच अडकलं तर काय होतं? फणी मागे सरकते. मुद्दाम तशी ठेवलीय, कारण ती घट्ट धरून बसली तर शटल ताण्यात रुतेल आणि शेकडो धागे तुटतील. म्हणजे मागासारख्या जड मशीनमध्येसुद्धा एक जागा अशी ठेवलीय जी आधी सुटते म्हणून बाकीचं वाचतं. काही बनवायच्या आधी हाच प्रश्न स्वतःला विचारा, यातलं आधी काय जाणार आणि ते गेलं तर काय होणार. चपलांच्या स्टँडची फळी गेली तर चपला खाली पडतील, एवढंच. तिथे अँगल घालायची गरज नाही. माळवदावरच्या टाकीखालची तुळई गेली तर… ते वर बोललो.

आणि आता तुमचं जे बरोबर आहे ते, कारण पत्रातलं ‘जास्त असलेलं काय वाईट’ हे काही अगदीच चूक नाही. जास्तीची ताकद कुठे ठेवायची याला कारण लागतं. प्रवासी विमानाचा सांगाडा उड्डाणात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या फक्त दीडपटीला डिझाइन करतात. ऐकायला कमी वाटतं पण तिथे प्रत्येक धातूची चाचणी झालेली असते, ठरलेल्या तासांनी तपासणी होते, आणि वजन वाढवलं तर ते उडवण्यातच इंधन खर्च होतं. उलट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजच्या केबल जॉन रोबलिंगने गरजेच्या सहापट मजबूत धरल्या होत्या. काम चालू असताना, तोपर्यंत तो वारलेला आणि मुलगा वॉशिंग्टन काम बघत होता, कळलं की तार पुरवणाऱ्याने निकृष्ट तार घातलीय आणि ती केबलमध्ये विणलीसुद्धा गेलीय, काढता येणार नाही. मुलाने हिशोब केला, सहापटीतली काही ताकद गेली तरी भरपूर उरते, वरून चांगल्या तारा वाढवून घेतल्या, 1883 ला पूल उघडला आणि आजही त्याच्यावरून गाड्या चालतात. तिथे जास्तीची ताकद कामी आली कारण मालाची खात्री नव्हती. तुम्ही भंगारातलं लोखंड वापरता, त्याचा ग्रेड माहीत नाही, आतून किती गंजलंय माहीत नाही, तर थोडी जास्त साइझ घेणं शहाणपणाचंच आहे. दोनपट घ्या, तीनपट घ्या. पण टेबलाला वीसपट नको.

झोपाळा मात्र अशी जागा आहे जिथे मी तुम्हाला उलट सांगणार आहे की अजून घट्ट करा. फक्त रॉड नाही, रॉडच्या वरचं.

हिशोब परत. साध्या एमएसचा 10 एमएम रॉड, म्हणजे आपला तीन सुती, सरळ ताणात सुरक्षित धरायचं म्हटलं तरी टनाच्या वर पेलतो. तुमचा 20 एमएमचा पावणेपाच टनाच्या आसपास. चार रॉड म्हणजे एकोणीस टन! आईच्या झोपाळ्याला. बरं येणारा भार किती? दोन माणसं आणि फळी मिळून पावणेदोनशे किलो धरा. झोपाळा जोरात गेला की खाली येताना ओढ वाढते, 45 अंशापर्यंत गेला तर दीडपटीच्या थोडी वर, 60 अंशाला दुप्पट, आणि पोरांनी उडी मारून बसायचं ठरवलं तर त्याच्याही दुप्पट धरा. सातशे किलो झाले, चार रॉडमध्ये वाटून. तीन सुती रॉडला हे काहीच नाही. 20 एमएमचे चार रॉड मात्र स्वतःच वीस-बावीस किलो भरतील, तेही हुकालाच लटकणार.

आणि हूक कशाला? जुन्या स्लॅबमध्ये खालून मारलेल्या अँकर फास्टनरला. इथे माझा जीव वर-खाली होतो. खालून भोक पाडलं की आधी प्लास्टर, मग सळईखालचं कव्हर म्हणजे सळई झाकणारं काँक्रीट, दोन्ही मिळून इंच-सव्वा इंच, त्यात ताकद धरू नका. सळ्या गंजलेल्या असतील तर ते कव्हर आधीच आतून सुटलेलं असतं, हातोडीने हलकं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. शिवाय अँकर फास्टनर भोकात फुलून घर्षणाने धरतो. स्थिर वजनाला ठीक, पण झोपाळा रोज शेकडो वेळा पुढे-मागे ओढतो, हळूहळू भोक सैल होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. हूक म्हणाल तर उघडा हूक उघडतच जातो.

म्हणून दोन पर्याय देतो. तुमच्या हातात फॅब्रिकेशन आहे तर पहिला मला जास्त आवडतो, जमिनीवर उभा राहणारा झोपाळा, दोन्ही बाजूला इंग्रजी ए अक्षरासारखे पाय, दीड-दोन इंची पाइप, वर आडवा पाइप, खाली दोन्ही बाजूंचे पाय रुंद आणि एकमेकांना जोडलेले. स्लॅबचा संबंधच नाही, आणि उद्या आई तुमच्याकडे फ्लॅटवर राहायला आली तर नटबोल्ट खोलून बरोबर नेता येतो. दुसरा पर्याय, स्लॅबलाच टांगायचं ठरलं तर बोल्ट आरपार घ्या, गच्चीवर सहा बाय सहा इंचाची तीन सुती प्लेट टाकून वरून नट आणि तो सैल होऊ नये म्हणून वर दुसरा चेक नट, भोक वॉटरप्रूफिंग करून बंद. त्याआधी स्लॅब एकदा सिव्हिलवाल्याला दाखवा, आणि बीमला तर विचारल्याशिवाय ड्रिल लावूच नका. हुकाऐवजी डी शॅकल, म्हणजे डी आकाराची पिनेने बंद होणारी कडी, कडी कडीवर घासते तिथे बुश किंवा बेअरिंग, आणि दर दिवाळीला साफसफाईत एकदा त्या कड्या हाताने चाचपायच्या, झिजून बारीक झाली असेल तर बदलायची. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक जादा साखळी, थोडी सैल, वेगळ्या बोल्टला. मुख्य कडी गेली तर झोपाळा इंचभर खाली येऊन त्या साखळीवर थांबेल, आईला धक्का बसेल पण ती पडणार नाही. तुम्हाला पक्कं काम करायची जी आस आहे ना, ती सगळी या साखळीत, या शॅकलमध्ये, गच्चीच्या कठड्यात आणि जिन्याच्या रेलिंगमध्ये घाला. कठड्याच्या सळयांमधली फट 4 इंचाच्या आत ठेवा. तिथे कुणी तुम्हाला हसलं तर हसू दे.

बनवून झाल्यावर मनात धाकधूक राहते म्हणून तुम्ही जाड घेता, हे मला पत्रातून दिसतंय. त्याला उपाय आहे, वजन टाकून बघा. 20 लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे 20 किलो, सिमेंटचं पोतं 50 किलो. टेबलावर दहा कॅन मांडा, कडेला दोरी ताणून बघा मधे किती लवलं, रात्रभर ठेवा, सकाळी काढा, परत सरळ झालं तर काम पास. झोपाळ्याला माणूस बसवायच्या आधी फळीवर सिमेंटची सहा-सात पोती चढवा, स्वतः खाली उभं राहायचं नाही, आणि एक दिवस तसंच टांगून ठेवा. एकदा डोळ्यांनी बघितलं की बारा किलोच्या सांगाड्यावर दोनशे किलो निवांत बसले, की पुढच्या वेळी हात आपोआप बारीक अँगलकडे जातो. नुसतं मी सांगून नाही जाणार.

बायकोच्या बोलण्याचं म्हणाल तर वहिनी तुमच्या कष्टाला नाव ठेवत नाहीयेत असं मला वाटतं. झाडताना त्या टेबलाखालून झाडू जात नाही, सणाला खोली मोकळी करता येत नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर शंभर किलो कोण चढवणार हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तुमच्या आधी आलाय. घरच्यांना विचारल्याशिवाय बनवलेली वस्तू कितीही पक्की असली तरी घरात परकीच राहते. मेव्हण्याचं सोडून द्या, रणगाडा म्हणणं सोपं असतं, वेल्डिंग करणं नाही.

टेबल फेकायचा नाही. कडप्पा मधोमध कापला की दोन फुटी दोन चौरस तुकडे मिळतात, त्यातला एक 200 लिटरच्या टाकीखाली बरोबर बसतो, बूड पूर्ण टेकतं. खालची चौकट त्याच अँगलची करा, लहान, बुटकी, स्लॅबवर भिंतीच्या डोक्यावर. दुसरा तुकडा मागे कपडे धुवायच्या दगडाला. उरलेला अँगल मोठ्या टाकीच्या मोटरला पत्र्याचं छप्पर करायला लागेलच.

आणि मुलीला नवीन टेबल करून द्या, यावेळी सांगाड्याच्या आधी तिला बोलवा. ती जुन्या टेबलावर का बसत नाही याचं कारण मला तुमच्या मापातच दिसलं. 34 इंच ही उभं राहून काम करायच्या वर्कबेंचची उंची आहे. तुम्ही दिवसभर तशाच बेंचवर काम करता म्हणून हाताने तेच माप घेतलं असणार. खुर्चीत बसून लिहायला मोठ्या माणसाला 29-30 इंच लागतं, आठवीतल्या मुलीला त्याहून कमी. 34 इंचावर तिचे खांदे कानाला लागत असतील, पाच मिनिटांत मान दुखली असेल, आणि बाबांनी एवढ्या मेहनतीने केलंय म्हणून बिचारी बोलली नसेल, सरळ सतरंजी अंथरली. तिला रोजच्या खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, कोपर काटकोनात, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. जो आकडा येईल तो टेबलाची वरची पातळी. पुढच्या दोन-तीन वर्षांत ती वाढणार म्हणून पायांना आत सरकणारा पाइप आणि बोल्टची तीन-चार भोकं ठेवा, इंच-इंच वर घेता येईल. माप घेतलं की मग पाइप कापायला घ्या.